लग्न एक, दप्तरं दोन

जपानी सून किंवा जपानी जावई येऊ घातलेल्या घरातली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा मुहूर्त काढून झालेला असतो, कार्यालयाला आगाऊ रक्कम दिलेली असते आणि पत्रिकेचा मजकूरही ठरलेला असतो. ‘आता तेवढं कागदपत्रांचं बघायचं राहिलंय,’ असं म्हणत ती समोर बसतात. मी पुण्यात विवाहविषयक कायद्याची वकिली करते आणि माझ्या कामाचा बराच मोठा भाग भारतीय-जपानी जोडप्यांचा आहे. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलामुलींची कमी कधीच नव्हती. त्यातली कितीतरी नोकरीनिमित्त तोक्योला, ओसाकाला गेली, तिकडचे काही लोक कामासाठी चाकणला आले आणि लग्नं जुळत गेली. त्या सगळ्यांना मी एकच गोष्ट सांगत आले आहे. कुठल्या देशात कुठली नोंद आधी करायची हे ठरवा आणि मगच मुहूर्त काढा.

कार्यालयातल्या सोहळ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. होमाच्या धुराने डोळे चुरचुरत असताना नऊवारी सांभाळत सात पावलं चालणाऱ्या जपानी मुली मी पाहिल्या आहेत आणि त्या विधीकडे किती गंभीरपणे बघतात हेही पाहिलं आहे. पण १९५५च्या हिंदू विवाह कायद्याला वधू-वर दोघंही हिंदू असावे लागतात. एका हिंदू-ख्रिस्ती जोडप्याचं हिंदू पद्धतीने लागलेलं लग्न सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली याच कारणावरून अवैध ठरवलं. यावर हमखास युक्तिवाद होतो, की त्या कायद्याच्या व्याख्येत बौद्धही येतात आणि ‘ती बौद्धच आहे की!’ व्याख्येत बौद्ध येतात हे खरं. पण पूर्वजांसाठी बौद्ध पद्धतीचा देव्हारा आणि नव्या वर्षाच्या दर्शनाला शिंतो देऊळ, अशी बऱ्याच जपानी घरांची रीत असते. त्यांच्या सरकारी कुटुंबनोंदीत धर्माचा रकानाच नाही. मग उद्या कोणी प्रश्न उपस्थित केला तर धर्म सिद्ध कशाने करायचा? ज्या लग्नावर मुलांचं नागरिकत्व उभं राहणार आहे, ते अशा युक्तिवादावर उभं करू नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून वाट १९५४च्या विशेष विवाह कायद्याची. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं, म्हणजे पुण्याच्या मुलाचं किंवा मुलीचं असलं तरी पुरतं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस हरकतींची वाट पाहायची आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न लावायचं. तीन महिने उलटले की नोटीस बाद होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. जपानी जोडीदार अविवाहित असल्याचा दाखला त्यांची वकिलात देते आणि तोही कुटुंबनोंद बघूनच.

याच कायद्याच्या कलम १५ची एक सोय आहे. आधी धार्मिक विधीने लागलेलं लग्न नंतर नोंदवता येतं. घरच्यांना ती फार आवडते, कारण मुहूर्ताची तारीख शाबूत राहिल्यासारखी वाटते. मी मात्र शक्यतो त्या वाटेला जात नाही. कलम १८ असं सांगतं, की नोंदवहीत नोंद झाली त्या दिवसापासून ते लग्न या कायद्याखाली झालं असं मानायचं. म्हणजे विधीची तारीख एक आणि कायद्याची दुसरी. जपानी कारकुनाला विवाहाची एकच तारीख लिहायची असते आणि पुढच्या सगळ्या मुदती त्याच तारखेपासून मोजल्या जातात. त्यापेक्षा विवाह अधिकाऱ्यासमोर आधी लग्न लावावं, मग कार्यालयात हवा तेवढा थाट करावा.

एवढं झालं की भारतापुरतं काम संपतं. जपानच्या दप्तरी मात्र अजून काहीच घडलेलं नसतं.

जपानमध्ये माणसाची ओळख ‘कोसेकी’ या कुटुंबनोंदीत असते. देशभर एकसारखी पहिली नोंद १८७२ साली झाली. आजचा कायदा १९४८पासून लागू आहे. जन्म, लग्न, घटस्फोट, दत्तक, मृत्यू, सगळं त्या एका कागदावर येतं. माणूस गेला की वारस कोण, हे त्याच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या कोसेकी ओळीने मांडून दाखवावं लागतं. बँक तेच मागते. या कागदावर लग्न नसेल तर पुण्याचं विवाह प्रमाणपत्र कितीही खरं असलं, तरी तिथल्या प्रत्येक खिडकीवर ते नव्याने पटवून द्यावं लागतं. जोडीदार म्हणून जपानचा विसा काढतानाही आधी लग्न नोंदलेल्या कोसेकीची प्रत पुढे करावी लागते.

आणि इथे मला नेहमी खटकणारी एक गोष्ट आहे. परदेशी जोडीदाराला स्वतःची कोसेकी मिळत नाही. लग्नानंतर जपानी व्यक्तीच्या नावाने नवी नोंद उघडते आणि तिच्या विवाहाच्या तपशिलात आपल्या मुलाचं नाव येतं. विवाहाची तारीख, जोडीदाराचं नाव, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, विवाहाची पद्धत ‘भारत देशाची’, प्रमाणपत्र सादर केल्याचा दिवस आणि स्वीकारणारा अधिकारी म्हणून मुंबईचे महावाणिज्यदूत. मोजक्या ओळी. वर्षानुवर्षं तिथे राहणाऱ्या, कर भरणाऱ्या माणसाला आपल्याच कुटुंबाच्या कागदावर एवढीच जागा. रहिवासाची नोंदवही वेगळी असते. तिच्यात परदेशी नागरिक २०१२च्या जुलैपासून येऊ लागले, त्याआधी तिथेही नव्हते.

भारतात झालेलं लग्न कोसेकीवर चढवण्याचं काम होतं मुंबईत, कंबाला हिलला, एम. एल. डहाणूकर मार्गावरच्या जपानच्या वकिलातीत. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही तिच्याच कक्षेत येतात. ‘मग सरळ तिथेच लग्न लावलं तर?’ असं बरेच जण विचारतात. ते होत नाही. जपानच्या नागरी कायद्याच्या कलम ७४१प्रमाणे परदेशातल्या वकिलातीत फक्त दोन जपानी नागरिक आपसात लग्न करू शकतात. एक जण भारतीय असेल तर वकिलात लग्न लावत नाही, झालेल्या लग्नाची खबर घेते.

ही खबर लग्नापासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. वकिलातीत द्या किंवा थेट जपानमधल्या नगरपालिकेत. वकिलातीत दिली तर कागद तोक्योच्या परराष्ट्र मंत्रालयातून त्या कुटुंबाच्या मूळ नोंदीच्या गावी जातात आणि कोसेकीवर लग्न दिसायला महिना-दोन महिने लागतात. विसाची घाई असेल तर जपानी जोडीदाराने स्वतः तिकडे जाऊन अर्ज दिलेला बरा.

अर्ज समोर घेऊन बसलं की कळतं, दोन देश माणसाची ओळख किती वेगळ्या तऱ्हेने मांडतात. ‘मूळ नोंदीचा पत्ता’ असा एक रकाना आहे. जपानी माणूस तिथे कुळाच्या गावचा पत्ता लिहितो. तो राहता पत्ता असायलाच हवा असं नाही, त्यामुळे तोक्योच्या राजवाड्याचा पत्ता घेतलेलीही पुष्कळ माणसं आहेत. आपला मुलगा त्या रकान्यात लिहितो फक्त ‘भारत’. पुढे नावासाठी दोन चौकटी, आडनाव आणि नाव. आपली नावं तीन पदरी. पासपोर्टवर मुलाच्या नावाला जोडून वडिलांचं नाव छापलेलं असतं, म्हणून जपानी नोंदीतही ते दोन्ही मिळून त्याचं नाव होतं. विवाह प्रमाणपत्रावर मात्र कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस भरतानाच पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावं, हे मी प्रत्येकाला बजावते. नंतर दुरुस्तीसाठी खेटे घालण्यात तीन महिन्यांतले किती दिवस जातात याचा अंदाज कुणालाच नसतो.

नाव लिहायचं काताकाना लिपीत, उच्चाराप्रमाणे. तिच्यात ‘न’ सोडला तर सुटं व्यंजन नाही, म्हणून देशपांडेचं ‘देशुपांदे’ होतं. जोशी लिहिताना ‘जो’ लांबवायचा की नाही, ‘शी’ लांबवायची की नाही, हे तेव्हाच ठरवावं लागतं. भाषांतर कुणीही करावं, स्वतः केलं तरी चालतं; खाली भाषांतरकाराचं नाव हवं. पण प्रमाणपत्राच्या भाषांतरात एक आणि अर्जात दुसरं असं झालं की अर्ज परत येतो. एकदा लिहिलेलं रूप मग बँकेत, विमा कार्डावर, मुलाच्या शाळेत, सगळीकडे पुढे चालतं. म्हणून मी दोघांना समोर बसवून आडनाव मोठ्याने म्हणायला लावते आणि ते एकदाच पक्कं करते.

आडनावाचाच आणखी एक मुद्दा. दोन जपानी व्यक्तींनी लग्न केलं तर कायद्याने दोघांचं आडनाव एकच करावं लागतं. जोडीदार परदेशी असेल तर ही सक्ती नाही. काहीच केलं नाही तर ज्याचं त्याचं आडनाव राहतं. जपानी सुनेला कुलकर्णी व्हायचं असेल तर लग्नापासून सहा महिन्यांच्या आत नुसता अर्ज देऊन होता येतं. त्यानंतर कुटुंब न्यायालयाची परवानगी लागते. सासरच्यांनी हा निर्णय तिच्यावर सोडावा. तिच्या पासपोर्टपासून पदव्यांपर्यंत सगळ्यावर त्याचा परिणाम होतो आणि तो तिलाच निस्तरायचा असतो.

लग्नाची खबर उशिरा दिली तर दंडाची तरतूद आहे, उशिराचं कारण लिहून द्यावं लागतं, पण नोंद होते. बाळाच्या बाबतीत तसं नाही. हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समजा. १९८५पासून जपानी आई किंवा जपानी बाप, कुणाकडूनही मुलाला जपानी नागरिकत्व मिळतं. त्याआधी ते फक्त बापाकडून मिळे. पण मूल जपानबाहेर जन्मलं आणि जन्मतःच त्याला दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व मिळालं, तर तीन महिन्यांच्या आत जन्माची नोंद करून त्याच अर्जात ‘जपानी नागरिकत्व राखून ठेवतो’ असं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर ते नागरिकत्व जन्मापासूनच गेलं असं धरतात. पुण्यात भारतीय बाप आणि जपानी आईच्या पोटी जन्मलेलं मूल नेमकं या कलमात सापडतं. परत मिळवायची एक वाट आहे, मूल १८ वर्षांचं व्हायच्या आत जपानमध्ये राहायला जाऊन. पण सगळ्यांना ते जमत नाही. आणि आईवडिलांचं लग्नच कोसेकीवर नसेल तर बाळंतपणाच्या त्या धावपळीत आधी ते काम उरकावं लागतं. बारसं, पाचवी, रात्रीची जागरणं यांत तीन महिने कसे जातात हे बाळंतिणीला विचारा. भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, त्यामुळे पासपोर्ट कुठला घ्यायचा हे पुढे ठरवावंच लागतं. पण ते आईवडिलांनी विचार करून ठरवावं. मुदत हुकल्यामुळे आपोआप ठरू नये.

या कायद्यांचा इतिहास फार जुना नाही. परदेशी व्यक्तीशी लग्नाची रीतसर मुभा जपानी लोकांना १८७३ साली सरकारी हुकुमाने मिळाली आणि त्याच हुकुमाप्रमाणे परदेशी पुरुषाशी लग्न करणारी जपानी स्त्री जपानी राहत नसे. क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी १९१८ साली तोक्योत तोशिको सोमा यांच्याशी लग्न केलं आणि १९२३ साली जपानचं नागरिकत्व घेतलं. लग्नामुळे बाईचं नागरिकत्व जाण्याची शक्यता कायद्यातून गेली ती १९५० साली. आज माझ्यासमोर बसलेली मुलगी आपलं नागरिकत्व न गमावता पुण्यात संसार मांडू शकते, त्यामागे हा सगळा प्रवास आहे.

उलट दिशेची जोडपीही असतात. तोक्योतल्या निशी-कासाईत राहणारा मराठी मुलगा तिथल्याच मुलीशी लग्न करणार असेल तर भारताच्या तिथल्या दूतावासात लग्न लावायचा मोह होतो, कारण आपला १९६९चा परदेशी विवाह कायदा एक जण भारतीय नागरिक असला की आपल्या वकिलातींना लग्न लावायचा अधिकार देतो. जपानचा कायदा मात्र सांगतो, की लग्न जपानमध्ये होत असेल आणि एक जण जपानी असेल तर ते जपानी पद्धतीनेच व्हायला हवं. म्हणून आधी वॉर्ड कार्यालयात अर्ज, मग त्याच्या स्वीकृतीचा दाखला घेऊन आपल्या दूतावासात कलम १७खाली नोंद. ही नोंद सक्तीची नाही, तरी करावी असं मी सांगते. त्या लग्नाला भारतीय कायद्याचं पाठबळ मिळतं आणि पुढे जपानी जोडीदाराला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड हवं असेल तर नोंदलेलं लग्न किमान दोन वर्षं टिकलेलं दाखवावं लागतं. वयाची अट तेवढी लक्षात ठेवावी. जपानमध्ये एप्रिल २०२२पासून दोघांनाही १८ पुरे. आपल्या कायद्याला नवरा २१चा लागतो, तो जपानी असला तरी.

शेवटी एक अप्रिय विषय, पण तो टाळून चालत नाही. जपानमध्ये नवरा-बायकोचं एकमत असेल तर दोघांनी आणि दोन साक्षीदारांनी सह्या केलेला अर्ज वॉर्ड कार्यालयात दिला की घटस्फोट होतो. न्यायालयात जावं लागत नाही. कोसेकीवर तशी नोंद होते आणि आपला मुलगा समजतो, सुटलो. भारताच्या दप्तरी त्याचं लग्न तसंच उभं असतं. विशेष विवाह कायद्याखाली लागलेलं किंवा कलम १७खाली नोंदलेलं लग्न परस्पर संमतीनेही मोडायचं तर एक वर्ष वेगळं राहून न्यायालयाचा हुकूमनामा घ्यावा लागतो. नुसत्या त्या अर्जाच्या भरवशावर इकडे येऊन दुसरं लग्न केलं, तर द्विविवाहाचा गुन्हा अंगावर येऊ शकतो. म्हणून असा मुलगा माझ्याकडे आला, की पुण्याच्या कुटुंब न्यायालयातला अर्ज आधी तयार करते आणि हुकूमनामा हातात पडेपर्यंत स्थळं बघू नयेत, हे त्याला लेखी देते.