वखारीतील फियाट

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून निघालेली, लोकांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटलेली वडिलांची ती गोलसर मोटार आज प्रातःकाळी वखारीतून बाहेर काढली. ब्रेक जखडले होते, म्हणून प्रथम जॅक लावून चाके मोकळी केली आणि मगच चौघांनी तिला हलक्या हाताने ढकलले. उतावीळपणे चावी फिरवणे हा मी अक्षम्य अपराध समजतो. १,०८९ घनसेंटिमीटरच्या त्या इंजिनात प्लग काढून तेल सोडले आहे, आणि गंजाने धरलेले दट्टे सुटेपर्यंत, महिना लागला तरी, थांबण्याची माझी तयारी आहे. आसनाखाली जीर्ण नोंदणीपुस्तक सापडले. त्यावर वडिलांची मोडी वळणाची, दस्तुरखुद्द सही. दुपार टळेपर्यंत मी स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिलो.