लॅमिंग्टन रोडवरचा ट्रेडमिलचा डॉक्टर

स्टार्टचं बटण दाबलं आणि ट्रेडमिलचा पट्टा एकदम सुसाट सुटला! नशीब, बाबा दोन्ही पाय कडेला ठेवून उभे होते. मी झडप घालून लाल सेफ्टी-की खेचली. घरात सन्नाटा.

अँजिओप्लास्टीनंतर बाबांना डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. आमच्या बोरिवलीच्या गल्लीतला फुटपाथ म्हणजे अडथळ्यांची शर्यत. म्हणून मी एका असाइनमेंटच्या पैशांतून हे सेकंडहँड मशीन घेतलं होतं. आई म्हणाली, ‘‘भंगारवाल्याला देऊन टाक.’’ बाबा काहीच बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचं चालणंच बंद झालं. आता काहीतरी करणं भाग होतं.

मोटरशेजारचा कंट्रोलर बोर्ड काढून सॅकमध्ये टाकला आणि स्लो लोकल पकडली. ग्रँट रोडला पूर्वेला उतरलं, की थोडं चालून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन अजून सगळ्यांच्या तोंडी! दर्शनी दुकानांत लॅपटॉप, सीसीटीव्ही, स्पीकर असा चकचकीत माल. आतल्या गल्लीत शिरा, की दुनियाच वेगळी. रेझिस्टर आणि कपॅसिटर इथे चण्याफुटाण्यांसारखे मोजून मिळतात.

पहिल्या दुकानात सल्ला मिळाला, ‘‘नया बोर्ड डाल दो, मॅडम.’’ दुसऱ्याने समोरच्या लाकडी जिन्याकडे बोट दाखवलं. वर खुराड्याएवढ्या जागेत सोल्डरिंगच्या धुरात एक काका बसले होते.

‘‘प्लग काढल्यावर किती वेळाने बोर्ड काढलास?’’ त्यांचा पहिला प्रश्न.

‘‘लगेच.’’

‘‘वाचलीस पोरी. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले, की या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठतात. प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच असतात.’’

मग त्यांनी मल्टिमीटरच्या दोन पिना एका काळ्या चौकोनी पार्टला लावल्या. बीप! हा मॉसफेट. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत मोटरला हवी तेवढीच वीज देणारा. तो शॉर्ट झाला, की बंदच होत नाही, आणि मोटर थेट फुल स्पीडला.

‘‘बदलून द्या ना मग!’’

‘‘देतो. पण हा मेला कशाने? पट्ट्याखाली सिलिकॉन ऑइल कधी घातलं होतंस?’’

तेल? असं काही घालतात, हेच मला माहीत नव्हतं. काकांनी समजावलं, पट्टा कोरडा पडला, की घर्षण वाढतं. मोटर जास्त करंट ओढते आणि तो सगळा ताण मॉसफेटवर येतो. नवा बोर्ड बसवला असता, तरी तोही असाच गेला असता. म्हणजे डॉक्टर बदलायचा, पण पथ्य पाळायचं नाही, त्यातला प्रकार!

काकांनी नवा मॉसफेट बसवला, त्याला चालवणारं सर्किट तपासलं आणि शंभर वॅटचा जुना बल्ब सिरीजमध्ये लावून बोर्ड चालू केला. शॉर्ट राहिलाच असता, तर बल्ब भगभगीत पेटला असता. तो क्षणभर पेटून मंद झाला. ‘‘पास!’’ काका म्हणाले.

घरी प्लग न लावता पट्टा हाताने ढकलून पाहिला. हलेचना! तेल घातल्यावर अलगद सरकला. मग अर्धा तास मशीन रिकामं पळवलं आणि त्यानंतर मी स्वतः चालले. बाबा दारातून बघत होते. चौथ्या दिवशी सकाळी पट्ट्याचा आवाज आला. बाबा चालत होते आणि सेफ्टी-कीची दोरी शर्टाला अडकवलेली होती. शेजारी आई, डोळ्यांत तेल घालून!

कसं जाल? पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, पूर्वेला. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. आणि हो, बिघडलेला पार्ट सोबत न्या. तिथे वर्णन ऐकायला कुणाला वेळ नसतो!