वस्त्रगाळ

दंतमंजनाची चिमूट आधी दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये धरून घासावी. बारीकशी कचकच लागली तर ती पूड तोंडात जायची नाही. मग तीच चिमूट थोड्या पाण्यात कालवून काचेच्या तुकड्यावर घ्यावी, लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्याने दाबून घासावी आणि काच धुऊन उन्हात तिरकी धरावी. एखादी जरी रेघ चमकली, तरी केलेली सगळी पूड झाडाच्या बुंध्याशी. काच दातापेक्षा किंचित कठीणच असते. जी पूड काचेवर ओरखडा काढते ती दाताला सोडणार नाही.

खनिजांचा कठीणपणा मोजायची 10 अंशांची एक पट्टी आहे, मोह्स‌ची. तिच्यात खडूतला कॅल्साइट 3 वर बसतो, दाताचं वरचं कवच 5 च्या आसपास, काच साडेपाचला आणि वाळूतली गार 7 वर. ही चार स्थानं पाठ झाली की दंतमंजन करणाऱ्याचं निम्मं शिक्षण झालं असं मी मानते. कारण दाताचं कवच ज्या पेशी घडवतात त्या दात उगवला की संपतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते. दाताचं झिजलेलं कवच परत येत नाही. कवचाखालचा थर तर खडूइतकाच मऊ असतो. वयस्कर माणसांच्या हिरड्या मागे सरतात आणि दाताचा हा कच्चा भाग उघडा पडतो. म्हणून काचेच्या परीक्षेला उतरलेली पूडसुद्धा मी हिरडीच्या कडेला जोराने घासू देत नाही.

माझ्या आजीच्या पिढीत राखुंडी होती. शेणीची राख, कुठे भाताच्या तुसाची, कुठे बदामाची टरफलं जाळून केलेली काळी पूड, आणि काहीच नसलं तर विटेचा भुगा किंवा नदीची बारीक रेती. या सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही. भाताचं तूस जाळलं की वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी राख उरते आणि तिचा बहुतेक भाग सिलिकाच असतो. शेणीच्या राखेत गवतातली सिलिका येते, शिवाय गोठ्यातली माती येते. विटेच्या भुग्याबद्दल तर बोलायलाच नको. तरी त्या बायका-पुरुषांचे दात बरेच दिवस टिकले, त्यात बोटाचा वाटा होता असं मला वाटतं. बोटाने दाब किती पडतो हे बोटालाच कळतं. तीच राख आज ब्रशवर घेऊन कोणी खसाखसा घासू लागला, तर काही वर्षांत दातांच्या मुळाशी खाचा पडतील. जुनं म्हणून ते सगळं उचलावं असं मला वाटत नाही; त्यातलं काय उचलायचं हे ज्याचं त्याने हाताने तपासून ठरवावं.

मी उचलला तो हिरडा. आमच्याकडे तो जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून येतो. भीमाशंकरच्या बाजूची महादेव कोळी कुटुंबं तो गोळा करतात, वाळवतात, विकतात. व्यापारी त्याच्या तीन जाती सांगतात: कोवळा गळालेला किंवा तोडलेला तो बाळहिरडा, अर्धवट वाढलेला चांभारी हिरडा आणि पूर्ण पक्व, मोठा, पिवळसर तो सुरवारी हिरडा. झाड एकच. चांभारी हिरडा कातडं कमावायला जात असे, आणि हिरडा तोंडात काय करतो त्याचं उत्तर तिथेच आहे. त्यातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरून ती आवळून घट्ट करतं. तेच सौम्यपणे हिरड्यांवर होतं. मंजन लावल्यावर तोंड आखडल्यासारखं होतं, लाळ क्षणभर जाडसर वाटते, ती ही क्रिया. सैल, सुजरट हिरडी त्याने आवळते. मात्र हिरडीतून रोज रक्त येत असेल, तर दातावर किटण चढलेलं असतं आणि ते दंतवैद्याच्या हत्याराशिवाय निघत नाही. हिरडा तिथे फक्त दुखणं झाकतो.

मंजनासाठी मी सुरवारी घेते. हातात जड लागणारा, भोकं नसलेला. हलवून पाहिला तर आतली आठळी वाजू नये. तो फोडून आठळी टाकायची आणि वरची साल तेवढी घ्यायची. ही साल लोखंडी खलबत्त्यात कधी कुटू नये. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्याकडे शाई करत. लोखंडात कुटलेली पूड कोरडी असताना नुसती काळपट दिसते, पण लाळ लागताच जीभ आणि दातांच्या फटी काळ्या करते. दगडी खल उत्तम, नाहीतर पितळी. मिक्सर लावणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण मिक्सरचं भांडं तापतं आणि लवंगेचा वास त्यात निम्मा उडून जातो. लवंग तरी हातानेच कुटावी.

हिरड्याच्या जोडीला बाभळीची साल आणि बकुळीची साल. बाभूळ कडक उन्हात वाढलेली, शेताच्या बांधावरची. साल काढताना खोडाला भोवताली पट्टा मारायचा नाही, झाड मरतं. छाटलेल्या फांदीची घ्यावी. बकुळीची साल हलणाऱ्या दातांसाठी नावाजलेली आहे. हललेला दात तिने रोवला जातो असं मी कोणाला सांगत नाही, पण तुरट रसात ती हिरड्याच्या बरोबरीची आहे आणि चवीला जरा मऊ. पिवळ्या कोरांटीला लोक वज्रदंती म्हणतात. तिची पानं कधी घालते, कधी नाही. पानं नीट वाळली नाहीत तर पुडीला गवताचा कुबट वास लागतो.

खरं काम वाळवण्याचं आणि गाळण्याचं. कुटण्याआधी साल कडकडीत हवी, वाकवली की मोडली पाहिजे. मी हे काम माघ-फाल्गुनात करते. ऊन असतं, हवा कोरडी असते, आणि धुळीचे वारे अजून सुटलेले नसतात. छतावर वाळत घातलेल्या सालीवर पातळ फडकं हवंच. वाऱ्याने उडून आलेली धूळ म्हणजे शेवटी गारेचाच बारीक कण, आणि आपण ज्याला काढायला एवढी धडपड करतो तो अंगणातूनच आत शिरतो. कुटलेलं आधी पिठाच्या चाळणीने चाळायचं. मग उभ्या पातेल्याच्या तोंडाला जुन्या, मऊ पडलेल्या मलमलीचा दादरा बांधायचा, जरासा सैल, आणि त्यावर मूठभर पूड घेऊन बोटांच्या पेरांनी हलकेच फिरवायची. दाबायची नाही. दाबलं की जाड कण कापडातून ढकलला जातो आणि सगळी मेहनत फुकट जाते. खाली पडतं ते धुरासारखं, इतकं हलकं की पातेल्यावरचं कापड सोडताना श्वास रोखावा लागतो. वर उरलेला चोथा पुन्हा खलात घालायचा, पुन्हा गाळायचा. शेवटचा जो चिवट धागा उरतो तो टाकून द्यायचा. वाटीभर वस्त्रगाळ पुडीसाठी अख्खी दुपार जाते. मला या दुपारी प्रिय आहेत. हाताला काम असतं, डोक्याला घाई नसते, आणि गाळलेल्या पुडीत बोट बुडवल्यावर जो रेशमासारखा गारवा लागतो तो विकतच्या कुठल्याही डबीत मला सापडला नाही.

या औषधी पुडीला अंग लागतं, दातावरचा चिकट थर पुसून नेणारं. त्यासाठी मी खडू घेते, पण फळ्यावरचा नव्हे. तो बहुधा जिप्समचा असतो. औषधी दर्जाचा अवक्षेपित खडू, म्हणजे शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, रसायनांच्या दुकानात मिळतो. पाव किलो मंजनाला तो 125 ग्रॅम, बाभळीची साल 50, हिरडा 40, बकुळीची साल 20, सैंधव 8, लवंग 5 आणि दालचिनी 2 ग्रॅम. सैंधव आधी तव्यावर कोरडं परतून मैद्यासारखं वाटायचं. लवंग वाढवायचा मोह होतो, कारण दंतवैद्याच्या खोलीत जो वास येतो तो तिच्या तेलातल्या युजेनॉलचाच, आणि त्याने दुखरी जागा बधिर होते. पण तेच जास्त झालं तर हिरडी भाजते. 5 ग्रॅम पुरे.

न घातलेल्या गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. लिंबू, चिंच, आमसूल यांतलं काही नाही: तोंडातला पीएच साडेपाचच्या खाली उतरला की दाताचं कवच विरघळू लागतं. कैरी खाल्ल्यावर दात आंबतात तेव्हाही लगेच घासू नये, आधी नुसती चूळ भरावी. आवळा मी याच कारणाने वगळते, म्हणून माझं मंजन त्रिफळेचं नाही. गेरू नाही, रंग सुरेख येतो, पण दुकानातल्या गेरूत काय काय दळलेलं असतं हे काचच सांगते. कापूर नाही, कारण घरात लहान मुलं आहेत, मुलं मंजन गिळतात, आणि पोटात गेलेल्या कापराने मुलांना झटके येऊ शकतात.

आणि तंबाखू, तव्यावर भाजून कुटलेली, जिला आपण मिसरी किंवा मशेरी म्हणतो. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 मध्ये केंद्र सरकारने बंदी केली, पण घरच्या तव्याला कोण अडवणार? सकाळी दात घासायला म्हणून घेतलेली चिमूट दुपारी, संध्याकाळी, झोपताना लागू लागते. माझ्याकडे मंजन न्यायला येणाऱ्या कितीतरी बायकांच्या गालाच्या आत मी पांढरे चट्टे पाहिले आहेत. त्यांना मंजन देते, आणि मिसरी सुटेपर्यंत पाठ सोडत नाही. तोंड तपासून घ्या हे दर खेपेला सांगते. कर्करोगाची सुरुवात दुखत नाही, हे त्यांना माहीत नसतं.

यवतमाळकडच्या नात्यातली एक मुलगी एकदा आमच्याकडे येऊन बसली होती. गोड मुलगी, पण हसताना ओठ मिटून घेणारी. आई स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच म्हणाली, "काकू, हे डाग जातील अशी काही पूड करून द्या ना. कितीही कडक असली तरी चालेल." तिच्या दातांवर पिवळ्या-तपकिरी पट्ट्या होत्या. यवतमाळ, चंद्रपूरच्या कित्येक गावांत भूजलात फ्लोराइड मर्यादेहून जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि दात घडण्याच्या वयात तेच पाणी प्यायलं, की रंग कवचाच्या आतच बसतो. तो घासून जाईल तर कवचासकट जाईल. मी तिला म्हटलं, "बाळा, हा मळ नाही गं. घासून घासून दात मात्र जाईल. डॉक्टरांकडे याला उपाय आहेत, मी येते तुझ्याबरोबर." तिने आधी चुलीतली राख, मग भांडी घासायची पावडर लावून पाहिली होती. तिला कोणी शहाणपणाचं एक वाक्य सांगितलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

फ्लोराइडची दुसरी बाजूही सांगायला हवी. योग्य मात्रेत ते कवचाला कीड आणि आम्लापासून राखतं, आणि माझ्या मंजनात ते नाही. म्हणून आमच्या घरात सकाळी मंजन आणि बोट, रात्री झोपण्याआधी फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश. ज्या गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे तिथे लहान मुलांसाठी पेस्ट कोणती आणि किती, हे दंतवैद्याला विचारून. घरच्या मंजनाने सगळं भागतं असं सांगणारे भेटतात. त्यांच्या मुलांच्या दाढांतली भोकं पाहिली की मला ते पटत नाही. मंजनाची जागा हिरडी आहे. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांच्या काड्या सांगितल्या, करंगळीच्या टोकाइतक्या जाड आणि बारा अंगुळं लांब, आणि त्याबरोबरच हिरड्यांना इजा होऊ देऊ नये हेही सांगितलं. काडी असो, बोट असो, ही अट जुनीच आहे. तोंड आलेलं असताना, खोकला किंवा ताप असताना काडी वापरू नये असंही त्याने म्हटलं आहे. मी तेव्हा मंजनही बंद ठेवते आणि कोमट मीठपाण्याच्या गुळण्या करायला लावते.

तयार मंजन काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत भरावं आणि रोजच्यासाठी लहान डबीत काढावं. बरणीत ओलं बोट बुडालं की सैंधव पाणी ओढतं, पुडीच्या गाठी होतात आणि आठवड्यात बुरशी धरते. पावसाळ्यात मी सैंधव मिसळतच नाही. ते वेगळ्या पुडीत देते, ज्याने त्याने तळहातावर मिसळून घ्यावं. बरणीवर काय काय घातलं आहे ते आणि केल्याची तारीख लिहिते, कारण एखाद्याला लवंग सोसत नाही, एखाद्याला दालचिनीने तोंड येतं, आणि ते वापरण्याआधी कळलं पाहिजे. तीन महिन्यांत संपलं नाही तर उरलेलं कुंडीत जातं आणि ताजं केलं जातं.