कोपऱ्यातलं बटण

नव्या वस्तूंना माझा विरोध नाही. घरात मिक्सर आला तेव्हा पाट्यावरच्या चटणीची आठवण काढून मी एकदाही उसासा टाकला नाही. (पाट्यापाशी मी कधी बसलोच नव्हतो, हेही कारण असेल.)

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर भाचा आला आणि म्हणाला, "मामा, १४ ऑक्टोबरला तुमचं विंडोज १० संपतंय."

"संपतंय म्हणजे? चांगलं चालू दिसतंय की!"

"चालेल हो. पण नेहमीच्या दुरुस्त्या बंद. चोरांना हळूहळू दार उघडं."

माझी पेन्शन जमा झाली की नाही, हे मी त्याच डब्यात बघतो. ताबडतोब होकार दिला. दोन चहा होईपर्यंत विंडोज ११ घरात आलं.

आता, स्टार्टचं बटण १९९५ सालापासून डाव्या कोपऱ्यात. मधे २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते काढूनच टाकलं होतं. लोकांनी एवढा ओरडा केला, की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये परत आणून बसवावं लागलं. ११ मध्ये ते सरकून मधोमध आलेलं. माझा हात मात्र अजून १९९५ मध्येच. कॉम्प्युटर बंद करायला कोपऱ्यात जायचो, तर तिथे बाहेरचं तापमान दिसायचं. रोज रात्री निजण्यापूर्वी मी घरात हवामान जाहीर करू लागलो.

माउसचं उजवं बटण दाबावं, तर यादी निम्मीच. तळाशी 'आणखी पर्याय दाखवा'. ते दाबलं, की जुनी यादी जशीच्या तशी हजर! पाहुणे यायचे म्हणून आमची ही जुन्या चादरी कपाटात कोंबते, त्यातला प्रकार.

"मग सुधारलं काय रे?"

"कुलूप," भाचा म्हणाला. टीपीएम २.० नावाची एक चिमुकली तिजोरी कॉम्प्युटरच्या पोटात असते, महत्त्वाच्या किल्ल्या तिच्यात राहतात. ती नसेल तर ११ रीतसर घरात पाऊल टाकत नाही. ठणठणीत चालणारी कितीतरी जुनी यंत्रं एवढ्यावरून बाद झाली. रिटायर होताना माझंही तसंच झालं होतं. तब्येत उत्तम, पण वय ५८.

कुलपाचं मला पटलं. पेन्शन आहे बाबा. पण कुलूप बदलायला आलेल्या माणसाने जाता जाता चपलांचं कपाट माजघरात का नेऊन ठेवावं?

शेवटी भाच्याने सेटिंगमध्ये शिरून कुठेतरी टिचकी मारली आणि बटण डाव्या कोपऱ्यात परत आलं. हवामान मुकाट्याने उजवीकडे गेलं. मी सुखाने कॉम्प्युटर बंद केला आणि अंथरुणावर पडलो.

"अहो," अंधारातून आवाज आला, "आज हवामान नाही सांगितलंत? गच्चीतले कपडे आणायचे का राहू द्यायचे?"

मी उठलो आणि खिडकीतून हात बाहेर काढून पाहिला.