‘बाबांसाठी एखादं अ‍ॅप सांगा ना’

मेमरी क्लिनिकमध्ये आई-वडिलांना घेऊन येणारी मुलं चाचणीचा निकाल ऐकून झाला की हमखास एक गोष्ट मागतात. ‘मॅडम, बाबांसाठी एखादं चांगलं अ‍ॅप सांगा ना, मेंदूच्या व्यायामाचं.’ बाबा शेजारच्याच खुर्चीत असतात. त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. साठीपुढच्या माणसांची स्मृती, लक्ष आणि भाषा तपासणं हे माझं रोजचं काम, तेव्हा या मागणीला नीट उत्तर देणं मला भाग आहे. आपल्या देशात साठीपुढच्या लोकसंख्येत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के असावं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. असे आकडे बाजाराला आपल्याआधी कळतात. अमेरिकेत ‘ल्युमॉसिटी’ नावाचे मेंदूचे खेळ जोरात खपत होते. २०१६ च्या जानेवारीत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर फसव्या जाहिरातींचा ठपका ठेवला आणि २० लाख डॉलर भरून कंपनीने प्रकरण मिटवलं. खेळांत खोट नव्हती. ते खेळून म्हातारपणीचा विसर लांबणीवर पडतो, या दाव्याला पुरेसा आधार नव्हता.

म्हणून सराव अगदीच फुकट जातो असंही कुणी समजू नये. या विषयातला एक मोठा प्रयोग अमेरिकेतच १९९८ साली सुरू झाला. नाव ‘अ‍ॅक्टिव्ह’. ६५ वर्षांपुढची २,८३२ माणसं. एका गटाला लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवल्या, दुसऱ्याकडून तर्काची कोडी सोडवून घेतली, तिसऱ्याला वेगाचा सराव दिला आणि चौथ्याला काहीच दिलं नाही. वेगाचा सराव असा: संगणकाच्या पडद्यावर मधोमध क्षणभर एक वाहन चमकतं. ती मोटार होती की ट्रक, ते ओळखायचं आणि त्याच क्षणी पडद्याच्या कडेला दुसरी मोटार कुठे दिसली तेही सांगायचं. जमायला लागलं की चित्र आणखी कमी वेळ टिकतं. पाच-सहा आठवड्यांत दहा बैठका.

निकाल काय लागला? ज्याने जे घोटलं, त्याचं ते सुधारलं. तर्कवाल्यांची स्मृती वाढली नाही, स्मृतीवाल्यांचा वेग वाढला नाही. दहा वर्षांनी तर्काचा आणि वेगाचा फायदा टिकून होता, लक्षात ठेवण्याच्या युक्त्यांचा मात्र विरून गेला होता. पुढे २०१७ च्या एका विश्लेषणात वेगाच्या गटात डिमेन्शियाचा धोका २९ टक्क्यांनी कमी दिसला आणि त्याची बरीच चर्चा झाली. मी त्यावर आशा ठेवून आहे, भिस्त ठेवत नाही. आणि हो, तो विशिष्ट सराव म्हणजे आपलं रोजचं शब्दकोडं नव्हे. शब्दकोडी सोडवणारा माणूस शब्दकोड्यांत तरबेज होतो. त्यात आनंद असेल तर त्याने ती जरूर सोडवावीत.

आमच्याकडे एक निवृत्त बँक अधिकारी आले होते. सुडोकूत हातखंडा. आकड्यांच्या चाचण्या त्यांनी बघता बघता संपवल्या. तक्रार त्यांची नव्हतीच, काकूंची होती. ‘हे बोलतच नाहीत हो हल्ली. चारचौघांत बसले की शून्यात बघत बसतात.’ मी उठून त्यांच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, ‘काका, चहा घेणार का?’ काका ढिम्म. समोर येऊन तेच विचारलं, तर लगेच म्हणाले, ‘बिनसाखरेचा.’

त्यांना ऐकू कमी येत होतं. दर वाक्याला ‘काय? काय?’ करायची लाज वाटून त्यांनी आधी कट्टा सोडला, मग सोसायटीची मीटिंग, मग लग्नकार्यं. सुडोकूला कान लागत नाहीत, म्हणून तेवढं उरलं होतं. घरच्यांनी याला ‘वयाबरोबर अबोल झाले’ असं नाव दिलं होतं.

डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींची यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये सुधारून दिली. त्यात चौदा गोष्टी आहेत. कमी ऐकू येण्याचा वाटा ७ टक्के, माणसांपासून तुटण्याचा ५. मधुमेह आणि रक्तदाबाचा वाटा प्रत्येकी २ टक्के धरला आहे. साखर आपण दर तीन महिन्यांनी तपासतो, कान कधी तपासलेत ते आठवत नाही. श्रवणयंत्रामुळे सगळ्यांचाच विसर थांबतो असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. २०२३ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत फायदा दिसला तो आधीच जास्त धोका असलेल्या गटाला. तरी माणूस गप्पांत परत येतो, एवढं कारण मला पुरतं.

आता माणसांविषयी. लंडनच्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांकडे १९८५ पासून २०१३ पर्यंत पुन:पुन्हा चौकशी केली गेली: कुणाला भेटता, किती वेळा? वयाच्या साठीत जे मित्रमंडळींना वरचेवर भेटत होते, त्यांना पुढे डिमेन्शिया कमी झाला. नातेवाइकांच्या भेटींचा तसा परिणाम दिसला नाही. आपल्याकडे हे सांगितलं की लोक नाराज होतात. मुलगा-सून, नातवंडं, भरलं घर असताना एकटेपणा कसला, असं त्यांना वाटतं. पण घरात बोलणं होतं ते ‘गोळी घेतली का?’, ‘गॅस बंद केला का?’ एवढंच. मित्राला भेटायचं तर कपडे बदलावे लागतात, काहीतरी सांगायला न्यावं लागतं, त्याच्या टोमण्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. अर्थात अशा निरीक्षणांत उलटंही शिरतं: विसर सुरू झालेला माणूस आधी मित्रांना टाळू लागतो आणि निदान कित्येक वर्षांनी होतं. म्हणून नुसत्या पाहणीवर थांबता येत नाही, प्रयोग लागतात.

असा एक प्रयोग डॅलसला डेनिस पार्क यांनी केला. साठीपुढच्या काही जणांना त्यांनी तीन महिने डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम शिकायला बसवलं, आठवड्याला पंधरा तासांच्या वर. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ एकत्र घालवला, सहली काढल्या, गप्पा मारल्या, पण नवं काही शिकायचं नाही. स्मृती सुधारली ती शिकणाऱ्यांची. म्हणजे रोज तोच कट्टा, तेच चौघे आणि त्याच त्या आठवणी यांनी मन रमतं, मेंदूला मात्र फारसं काम पडत नाही. हा निकाल २०१४ चा. कट्टेवाल्यांना तो आवडत नाही.

गप्पांवर मात्र फुली मारू नका. हिरोको डॉज यांनी अमेरिकेत पंच्याहत्तरीपुढच्या, एकट्या पडलेल्या माणसांशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारण्याची योजना केली. गप्पा मारणारे शिकवून तयार केलेले, आठवड्यातून चार वेळा, अर्धा-अर्धा तास, दर वेळी वेगळा विषय. तुलनेच्या गटाला आठवड्याला दहा मिनिटांचा फोन. सहा महिन्यांनी गप्पा मारणाऱ्यांचे चाचणीतले गुण वर होते. फरक थोडा होता, पण औषध म्हणून तिथे होतं ते फक्त बोलणं. यात नवल नाही. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत धरून ठेवायचं, आपलं नाव-गाव-साल शोधून काढायचं, मध्येच तोंड घालायचा मोह आवरायचा, चेहरा वाचायचा, विषय बदलला की आपणही वळायचं. हे सगळं एकाच वेळी करायला लावणारं अ‍ॅप मी अजून पाहिलेलं नाही.

ज्यांना डिमेन्शिया झालेला आहे त्यांच्यासाठीही याच धर्तीची पद्धत आहे. एमी स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ब्रिटनमध्ये २००३ साली पारखली: सात आठवडे, चौदा बैठका, दर वेळी एक विषय. चेन्नईत ती तमिळमध्ये बसवली गेली. तिचा एक नियम मला फार पटतो: माहिती विचारायची नाही, मत विचारायचं. ‘आज वार कोणता?’ म्हटलं की माणूस खजील होतो. ‘सोमवार बरा की शनिवार?’ म्हटलं की बोलायला लागतो.

आम्ही एका बैठकीत तांब्याचा बंब आणून मध्ये ठेवला. काय आहे, हे विचारलंच नाही. ‘पाणी लवकर कशाने तापतं?’ एवढंच विचारलं. एक काका म्हणाले, ‘ढलप्या. वखारीतून पोतं आणायचो.’ रत्नागिरीकडच्या एक आजी पहिल्या काही बैठकांत गप्पच बसून असायच्या. त्या एकदम उसळल्या, ‘ढलप्या कसल्या! सोडणं घाला, करवंट्या घाला. तुमच्याकडे नारळ कुठे होते म्हणा!’ मग राख कुणी काढायची, त्या राखेने भांडी कशी लख्ख निघायची, पहिलं पाणी कुणाला मिळायचं, यावर जे भांडण जुंपलं ते चहा येईपर्यंत मिटलं नाही. आजींच्या सुनेने दारातून ते ऐकलं आणि मला विचारलं, ‘या घरी अशा का बोलत नाहीत?’ मी म्हटलं, घरी यांच्याशी भांडतं कोण?

‘आता आराम करा’ हा म्हाताऱ्या माणसाला मिळणारा सगळ्यांत वाईट सल्ला आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय. बायकांचं त्या मानाने बरं असतं. भिशी असते, भजनी मंडळ असतं; त्यात नवा अभंग बसवावा लागतो, टाळ चुकला की बाकीच्या डोळे वटारतात. पुरुषांची माणसं बहुधा ऑफिसातली, ती निरोप समारंभाला शेवटची भेटतात.

गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या आणि विरंगुळा केंद्रांच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे महिन्याला जी व्याख्यानं होतात, त्यांतलं एक रद्द करा, माझं असलं तरी चालेल. खुर्च्या ओळीत न लावता गोल लावा, कमी ऐकू येणाऱ्यांना बोलणाऱ्याचं तोंड दिसेल अशा बसवा, आणि त्या दिवशी प्रत्येक सभासदाला काहीतरी नवं शिकून येऊन इतरांना शिकवायला सांगा. जे गेले दोन-तीन महिने आलेले नाहीत त्यांची यादी काढा आणि फोनवर न भागवता कुणाला तरी त्यांच्या घरी पाठवा.