जीर्णोद्धार

मोटारसायकल हा उनाडांचा विषय, असें आमचें जन्मभर मत होतें. कै. थोरल्या बंधूंची जावा महालांतील आमच्या वाड्यांत वीस वर्षें गोणपाटाखालीं गंजत होती. ती भंगारांत द्यावी, असें आम्हींच म्हटलें होतें. गेल्या उन्हाळ्यांत त्यांच्या चिरंजीवानें ती दुरुस्तीस काढली.

प्राग येथें १९२९ सालीं जन्मलेली ही गाडी १९६० च्या दशकांत म्हैसूरला होऊं लागली. पुढें 'येझदी' या नांवानें ती मद्रासजवळील शोलावरमच्या शर्यतींत धांवली. १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. म्हणून सुटे भाग जुन्या बाजारांत धुंडाळावे लागले. गाडी सुरू करण्याचा व गियर बदलण्याचा दांडा एकच! देहलीदीपन्यायाचें हें लोखंडी उदाहरण पाहून आमच्यांतील मास्तर जागा झाला.

"काका, टाकीवरचा पोचा ठोकून काढूं ना?" पुतण्यानें विचारलें.

आमच्या शालान्त परीक्षेच्या सकाळीं सीताबर्डीवर गाडी घसरली, तेव्हांचा तो पोचा. बंधूंचा गुडघा फुटला. तरी त्यांनीं आम्हांस वेळेवर पोंचविलें.

"राहूं दे," एवढेंच आम्हीं म्हटलें.

गाडीस नवा रंग चढला. पोचा आहे तसाच आहे. ती भंगारांत देण्यास आम्हीच निघालों होतों, याची लाज अजून वाटते.