फर्म्यावर कातलेले खांब

राळेगणसिद्धीत कुणाच्या अंगणात लाकूड पडलेलं दिसलं, तर ते आलं कुठून हे लोक आधी विचारतात. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, तेव्हा यादवबाबांच्या मंदिराचं लाकूडसुद्धा दारूच्या भट्ट्यांखाली जळून गेलेलं होतं. पुढं पाणलोटाच्या कामाबरोबर झाडं लागली, कुऱ्हाडबंदी आली आणि ती गावानं पाळली. त्यामुळं माझ्यासारख्या सुतारकाम करणाऱ्याकडं लाकूड येतं ते बहुतेक पाडलेल्या जुन्या घरांच्या वाशा-तुळयांतून. तसा साग पुन्हा मिळायचा नाही, म्हणून त्याचा एकेक तुकडा जपावा लागतो.

शेजारच्या नानांनी ओट्याच्या कठड्यासाठी बारा खांब कातून मागितले, घरातल्याच जुन्या वाशांचे. हातानं कातताना एक खांब मानेशी जरा बारीक झाला, की बाकीचे त्याच्या मापाला आणावे लागतात, नाहीतर तो टाकावा लागतो. सावंतवाडीचे कारागीर एकसारखा माल नुसत्या नजरेनं काढतात; त्या हातांपुढं मी नमतो. पण ती नजर यायला जन्म जातो आणि माझ्याकडं वासे मोजकेच होते. म्हणून लेथला जोडायचं नकल-यंत्र घरीच बनवायचं ठरवलं.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत थॉमस ब्लँचर्डनं १८१९ साली बंदुकीचे दस्ते कातणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात नमुन्यावरून एक चाक फिरायचं आणि त्याच्या चालीनं दुसरीकडं पातं लाकूड कापायचं. माझी मांडणी त्याहून साधी. लेथच्या बेडला समांतर दोन गुळगुळीत लोखंडी दांडे, त्यांवर डावीउजवीकडं सरकणारी जाड पाटी आणि पाटीवर मागंपुढं होणारी पात्याची दांडी. दांडीच्या टोकाला गोल कार्बाइड टिप, तिच्या बरोबर खाली एक खुंटी. लाकडाच्या खाली प्लायवूडचा फर्मा, त्याची कड खांबाच्या अर्ध्या आकाराची. खुंटी त्या कडेला टेकवून पाटी सरकवत न्यायची, एवढंच. सामान भंगारातलं, वेल्डिंग गावातलं.

सगळं मर्म खुंटीत आहे. टिपचा व्यास बारा मिलिमीटर असेल, तर खुंटीही बाराचीच हवी. ती जाड झाली की खाचा उथळ येतात, बारीक झाली की मणी झिजतात. टिपचं टोक लाकडाच्या मध्यरेषेवर बसवावं लागतं. आणि फर्म्यात खाच टिपपेक्षा अरुंद काढून उपयोग नाही, टिप तिथं शिरणारच नाही.

चाचणी घेतली ती वाऱ्यानं मोडून वाळलेल्या लिंबाच्या फांदीवर. दोन्ही टोकांना खांब सुरेख आला. मधोमध मात्र लाकूड थरथरलं आणि अंगावर वळ्या उमटल्या. लांब, बारीक लाकूड पात्याच्या दाबानं मागं लवतं, त्याला यंत्र काय करणार? मागच्या बाजूनं दोन बेअरिंगांचा टेकू दिला, एका खेपेला अगदी पातळ साल काढत गेलो आणि वळ्या गेल्या.

मग वासे घेतले. आधी प्रत्येकावरून लोहचुंबक फिरवलं, कारण आत एखादा जुना खिळा राहिला तर टिपचा कपचा उडतो. यंत्रानं आकार दिला, पण मण्यांच्या कोरा धारदार काढायला हातातली पटाशीच लागली. गोल टिप लाकूड खरवडते, त्यामुळं अंग थोडं रवाळ राहतं. तिथं पॉलिशपेपर घासण्यात वेळ गेला.

नाना खांब बघायला आले. ओळीनं ठेवलेल्या खांबांवरून त्यांनी हात फिरवला आणि विचारलं, "लाकूड किती वाया गेलं रं?"

"भुसा सोडला तर काहीच नाही, नाना."

"मग बेस झालं."

खांब दहा-वीस असतील आणि लाकूड मोजकं असेल, तर हे जोडयंत्र करावंच. एकाच खांबासाठी मात्र त्याची मांडामांड करू नये. तो हातानं लवकर होतो. करणार असाल, तर डोळ्यांवर चष्मा लावा, बाह्या आणि उपरणं आवरा, आणि पहिला फर्मा पडल्या फांदीवरच तपासा.